पाचव्या दिवसाचं धुणं

बाबांना पुरायला आमच्या चाकापांपा गावातली एकोणीस माणसं आली होती. मी मोजली. मोजायची खोड मला त्यांच्याकडूनच लागलेली. त्या एकोणिसांतल्या कुणीही माझ्याशी दोन शब्द बोललं नाही. प्रत्येकाने मूठभर माती टाकली, हात झटकले आणि वाट धरली. मेलेल्याचा राग ओढवून घ्यायची कुणाची तयारी नव्हती, म्हणून ती आली होती. जिवंत बाबांच्या रागालोभाची पर्वा त्यांनी केव्हाच सोडली होती.

मे महिन्यातल्या गावसभेत ठराव झाला होता: साबिनो याउरीशी कुणी बोलायचं नाही, त्याच्या कामाला कुणी हात लावायचा नाही, आणि त्याने यूराकिर्काच्या बर्फाकडे पाऊल टाकायचं नाही. ठराव मांडणारे मार्सियाल कोलोनिया. गावच्या पाणी समितीचे अध्यक्ष, बाबांचे लहानपणापासूनचे सोबती, आणि माझे धर्मपिता. माझ्या बाप्तिस्म्याला मला हातांत धरणारा माणूस. त्यांचं घर आमच्या घराच्या अगदी समोर आहे.

बाबांचा गुन्हा असा. सव्वीस वर्षं, दर जूनमध्ये, ते डोंगरावर जायचे आणि बर्फ जिथे संपतो तिथल्या खडकावर पिवळ्या रंगाने ते वर्ष लिहायचे. मग मागच्या वर्षीच्या खडकापासून फीत धरून अंतर मोजायचे आणि वहीत टिपायचे. वारास शहरातल्या एका कार्यालयाला ते आकडे हवे असायचे. पहिल्या वर्षी नऊ मीटर. मग चौदा. मग एका वर्षी एकतीस. खालून गावाला दिसायचं ते एवढंच, की साबिनो खडकावर आकडा लिहितो आणि पुढच्या वर्षी बर्फ त्या आकड्यापासून पळालेला असतो. सव्वीस वेळा लिहिलं, सव्वीस वेळा पळाला. डोंगराला असं कुणी डिवचत नाही.

बर्फ मागे सरला तिथे त्याच्या खालचा काळा दगड उघडा पडला. हजारो वर्षं ज्याला वारा लागला नव्हता, त्याला वारा आणि पाऊस लागला. तो लोखंडासारखा गंजायला लागला आणि ते पाणी उतरून नदी आंबट झाली, तांबडी झाली. मासे गेले. नदीच्या पाटावरचा जव वीतभर वाढून पिवळा पडू लागला. मेंढ्या गाभडू लागल्या. यूराकिर्का म्हणजे पांढरा डोंगर. आज त्याला कुणी नाव ठेवायला बसलं तर हे नाव सुचणार नाही. गावाने हे सगळं एकाच खुंटीला टांगलं, आणि ती खुंटी म्हणजे माझे बाबा.

या जूनमध्ये ते ठराव मोडून वर गेले. उतरताना गारपिटीत भिजले. चार दिवस तापाने पडून होते. खालच्या वस्तीतून फोर्तुनाता आत्या शनिवारी बटाटे घेऊन आली तेव्हा तिला ते सापडले. रविवारी सकाळी गेले. त्या आठवड्यात त्यांनी मला दोनदा फोन केला होता. मी वारासला शाळेत साहित्य शिकवते. दोन्ही वेळा वर्गात होते, संध्याकाळी करू म्हटलं. हे मी इथे एकदाच लिहिते.

आमच्याकडे मेलेल्याचे कपडे पाचव्या दिवशी धुतात. वाहत्या पाण्यात, गावादेखत. तोवर तो घरातच घुटमळतो, त्याला वाट सापडत नाही. रक्ताच्या माणसाने त्या कपड्यांना पाणी लावायचं नाही. ते काम जावयाचं. जावई नसेल तर धर्मबंधूचं, म्हणजे ज्याने आपलं लेकरू बाप्तिस्म्याला हातांत धरलं त्याचं. माझं लग्न दोन वर्षांत मोडलं. राहिले मार्सियाल.

"येईल तो," आत्या म्हणाली. "मायेने नाही यायचा, भीतीने येईल. न धुता राहिलेला माणूस पहिला जाऊन धर्मबंधूच्या उंबऱ्यावर बसतो."

"आणि पाणी?"

नदीत धुतलेलं पांढरं कापड विटकरी होऊन निघतं, हे आत्याला माझ्याहून जास्त माहीत होतं. गंजलेल्या कपड्यांत माणूस पाठवायचा म्हणजे त्याच्यावर ठरावाचा शिक्का मारूनच पाठवायचा. गावात स्वच्छ पाण्याचा एकच झरा उरलाय, त्याच्यावर सिमेंटची पेटी आहे, पेटीला कुलूप आहे, आणि किल्ली मार्सियालच्या गळ्यात असते.

बुधवारी मी त्यांच्या अंगणात गेले. ते दावं वळत बसले होते. त्यांची बायको हेर्मेलिंदा काकू बटाटे निवडत होती.

"बस म्हणणार नाही," मान वर न करता ते म्हणाले. "ठराव तुझ्या बापावर होता. पण तू काय, त्याचीच."

"बसायला आले नाही, काका. शुक्रवारचं विचारायला आले."

"शुक्रवारी येईन. माझं काम मला कळतं. मास्तरीणबाईंनी खडू घेऊन शिकवायला नको."

"झऱ्याच्या पन्हळीखाली धुऊ द्या. अर्धा तास. जास्त नको."

"झरा प्यायला आहे. घरामागे दिवसाला दोन बादल्या. जित्याजागत्या माणसांना पुरत नाही, मेलेल्याला कुठून देऊ?"

"नदीत धुतले तर गंजतील."

"गंजू देत की!" आता त्यांनी वर पाहिलं. "नदी गंजवली कुणी? ज्याने जे केलं त्यातच त्याला बुचकळायचं. यात वावगं काय आहे, सांग."

"अहो, हळू बोला," काकू म्हणाली. "माणूस अजून घरात आहे."

"तू बटाटे निवड."

मी म्हणाले, "बाबांनी बर्फाला काही केलेलं नाही, काका. बर्फ धुरामुळे वितळतोय. सगळ्या जगाच्या. गाड्यांचा, कारखान्यांचा, कोळशाचा धूर. त्याने हवा तापते."

मार्सियाल हसले. दावं खाली ठेवून, मांडीवर हात मारून हसले.

"ऐकलंस गं? धूर! चाकापांपात गाड्या किती? दोन. त्यातल्या एकीत आलेहोच्या कोंबड्या अंडी घालतात. म्हणजे समुद्रापल्याड कुणीतरी गोरा गाडी सुरू करतो, आणि इथे माझी मेंढी गाभडते. तुझा बाप हेच सांगायचा. पिऊन सांगितलं असतं तर सोडून दिलं असतं. न पिता सांगायचा!"

जे खरं होतं ते तोंडातून बाहेर पडलं की थापेहून वाईट वाटत होतं. मी आयुष्यभर पुस्तकं वाचली, शब्द कसे वापरतात ते पोरांना शिकवलं, पण त्या अंगणात ते वाक्य खरं वाटावं असं मला बोलता आलं नाही. त्यांच्याजवळ खडक होता, पिवळा आकडा होता, पळणारा बर्फ होता. माझ्याजवळ नुसता धूर होता, तोही दुसऱ्यांचा.

मी वळले तेव्हा ते मागून म्हणाले, "आणि त्याच्या त्या विषारी डबक्यांत धुवायचा विचार असेल तर सोड. सभेने तिथलं पाणी बंद केलंय. माणसाला आणि जनावराला. सही माझी आहे."

डबकी म्हणजे बाबांची आठ तळी. शेवटची चार वर्षं त्यांनी त्यांतच घालवली. पलीकडच्या खोऱ्यातल्या एका शेतकऱ्याकडे पाहून आले होते. गावाच्या वरच्या अंगाला, स्वतःच्या जमिनीत, उतारावर एकाखाली एक खड्डे खणले, तळाशी चुनखडी टाकली, पाणथळीतलं लव्हाळं उपटून आणून लावलं, आणि नदीचं थोडं पाणी वरच्या तळ्यात वळवलं. गंज तळाशी आणि लव्हाळ्याच्या मुळांशी बसतो. दर पंधरा दिवसांनी रबरी बूट घालून, फावड्याने तो गाळ काढावा लागतो, नाहीतर लव्हाळं गुदमरतं. एकदा फोनवर ते म्हणाले होते, "देल्फिना, आज आठव्या तळ्यात बेडूक आला." मी पेपर तपासत होते. "बरं," म्हणाले होते.

गुरुवारी दुपारी मी तिथे गेले. पहिलं तळं विटेच्या रंगाचं होतं. तिसरं चहासारखं. सहाव्यात आभाळ दिसत होतं. आठव्याच्या तळचे खडे मोजता येत होते, आणि त्यातून पाण्याची बारीक धार खालच्या ओढ्यात पडत होती. वाहतं पाणी.

कुंपणाची काटेरी तार एका कोपऱ्यात वर उचलून दगडाने अडकवलेली होती. खाली मेंढ्यांच्या लेंड्या. काही वाळून पांढुरक्या झालेल्या, काही त्याच सकाळच्या. तारेच्या काट्याला निळ्या लोकरीचा गोंडा अडकला होता.

चाकापांपात प्रत्येक घराची मेंढी कानातल्या गोंड्याच्या रंगावरून ओळखतात. निळा रंग मार्सियाल कोलोनियांचा. दुसऱ्या कुणाचा नाही.

मी गोंडा काढून खिशात ठेवला. पाच दिवसांत पहिल्यांदा मला आनंद झाला. तो काही चांगल्या जातीचा आनंद नव्हता.

शुक्रवारी पहाटे आत्याने मला हलवून उठवलं. झोपण्यापूर्वी तिने बाबांच्या खाटेभोवती चुलीतली राख चाळून पसरली होती, मेलेल्याची पावलं पाहायला. ती गुडघ्यांवर बसून बोट दाखवत होती.

"बघ. खाटेकडे आलीत. दाराकडे एक नाही."

दाराखालच्या फटीतून आलेल्या वाऱ्याने राखेवर लाटा उठल्या होत्या. मला लाटाच दिसत होत्या. मी म्हणाले, "हो, आत्या."

नऊच्या सुमारास सगळे नदीच्या उतारावर जमले. पुरायला आले होते त्यांच्याहून जास्त. तमाशा असला की माणसं वाढतात. आत्याने चघळायला कोकाची पानं वाटली, मडक्यातून चिचा, म्हणजे मक्याची दारू, वाटली. लोकांनी घेतली, ठरावात पिण्याबद्दल काही नव्हतं. गाठोडं मधोमध ठेवलं. घोंगडीसारखा गळ्यातून घालायचा एक पोंचो, दोन विजारी, लोकरी टोपी, सणाचा पांढरा सदरा, रबरी बूट. एकाहत्तर वर्षांच्या माणसाचं एवढंच.

मार्सियाल आले. बाह्या दुमडलेल्या, हातात साबणाची वडी. कुणाकडे न बघता दगडावर बसले, गाठोडं सोडलं, आणि एवढ्या कपड्यांतून नेमका पांढरा सदरा उचलला.

"काका, तो नको," मी म्हणाले.

"का? साबिनोला नदीचा फार कळवळा होता ना?" त्यांनी डावी बाही पाण्यात सोडली. "भेटू दे दोघांना."

कुणीतरी खिदळलं. बाही पाण्यात फुगली, मग बुडाली. वर काढली तेव्हा कोपरापर्यंत तांबडी होती. आत्याच्या तोंडून एक आवाज निघाला, रडण्यासारखा नाही, पाय पोळल्यासारखा.

मी पुढे गेले. बोलायचं असं मी काही ठरवलं नव्हतं. खिशातून निळा गोंडा काढला आणि त्यांच्या गुडघ्यासमोरच्या दगडावर ठेवला.

त्यांनी तो पाहिला. काकूने पाहिला.

"हा कुठला?" मार्सियालनी विचारलं.

"आठव्या तळ्यापाशी तारेला होता. खाली लेंड्या आहेत. जुन्याही आहेत, ताज्याही."

कोंबड्यांच्या गाडीचा मालक, म्हातारा आलेहो, काठीवर वाकून जवळ आला. त्याने गोंडा बारकाईने न्याहाळला आणि बोळक्या तोंडाने म्हणाला, "अरे मार्सियाल, मेंढ्यांना सही वाचता येत नाही वाटतं तुझ्या?"

या वेळी हसणारे जास्त होते, आणि ते माझ्यावर हसत नव्हते.

"म्हणजे आमची जनावरं नदीवर मरू द्यायची," मागून एक बाई ओरडली, "आणि यांची तिकडे चोरून पाणी पिणार?"

"विष आहे म्हणाला होतास!"

"माझी सहा कोकरं गेली या साली. सहा!"

मार्सियाल उठले. त्यांचा चेहरा त्या बाहीच्या रंगाचा झाला होता. मला वाटलं, मारतात की काय. मारावं, असंही वाटलं. पण मधे हेर्मेलिंदा काकू आली. तिने खाली वाकून पोंचो, विजारी, टोपी आणि बूट परत गाठोड्यात बांधले आणि गाठोडं पाठीवर टाकलं.

"कुठे निघालीस?"

"वर. आपली लाज गेली ती गेली. त्या माणसाचे कपडे तरी कशाला घालवता?" ती चालायला लागली. मग मागे वळून म्हणाली, "चला. मी धुतलेले चालायचे नाहीत. धर्मबंधू तुम्ही आहात."

ते गेले. ओला सदरा हातात लोंबकळत होता, त्यातून तांबडे थेंब वाटेवर पडत होते. मागून सगळं गाव. ज्या कुंपणाच्या आत चार वर्षांत कुणी उघड पाऊल ठेवलं नव्हतं, तिथे चाळीस माणसं तळ्यांच्या कडेने ओळीने उभी राहिली. कुणी काही चांगलं बोललं नाही. एका बाईने आठव्या तळ्यात बोट बुडवून चाटलं आणि नवऱ्याला कोपराने ढोसलं. नवऱ्याने चाटलं. "आंबट नाही," तो म्हणाला, तक्रार करावी तसा.

मार्सियालनी बाहेरच्या धारेखाली, दगडावर, कपडे धुतले. असं धुणं मी पाहिलं नव्हतं. पोंचो ते दगडावर हाणत होते, पिळत होते, पुन्हा हाणत होते. समोर बाबा असते तर त्यांना तसंच हाणलं असतं. तोंडाने शिव्या चालल्या होत्या, बाबांना, मला, सभेला, मेंढ्यांना. पण साबण कमी लावला नाही, आणि एकही शिवण सोडली नाही. सदऱ्याला सर्वांत जास्त वेळ लागला. पाठ पांढरी झाली, कॉलर पांढरी झाली. डावी बाही झाली नाही. त्यांनी ती राखेने घासली, वाळूने घासली. शेवटी सदरा गवतावर फेकला.

"एवढंच निघतं."

कपडे उन्हात पसरले. ज्याने धुतले त्याने पहिली वस्तू निवडायची असते, आणि घरच्यांनी ती त्याला नाकारायची नसते. आत्याने रीतीप्रमाणे विचारलं, "मार्सियाल, काय नेतोस?"

"बूट."

"अरे, पोंचो घे. चांगला विणलेला आहे. बुटाला भोक आहे, उजव्या."

"माहीत आहे. दोन महिन्यांपासून आहे. पाणी गेलं की लंगडायचा." ते बुटांतली माती झटकत होते. "पंधरा दिवसांनी गाळ काढावा लागतो. तुझी भाची सोमवारी वारासला जाईल. फावडं कोण धरणार, तो बेडूक?"

म्हणजे ते बघत होते. चार वर्षं, समोरच्या घरातून, त्याबद्दल एक शब्द न काढता, बाबांच्या प्रत्येक पावलाकडे.

"हे त्याच्यासाठी नाही," ते मला म्हणाले. "मेंढ्यांसाठी आहे. आणि वर जाऊन ते आकडे मी खरवडून काढणार. सगळेच्या सगळे."

"खरवडा. वही माझ्याकडे आहे."

"वहीला काय चाटायचंय?"

"काका." मला जे विचारायचं होतं ते मी रविवारपासून दातांखाली धरलं होतं. "तुमच्या दारातून आमचं धुराडं दिसतं. ते चार दिवस धूर निघत नव्हता. तुम्ही पाहिलंत?"

त्यांनी बूट खाली ठेवले. मग उचलले. लोक दूर, तळ्यांपाशी, मेंढ्यांची पाळी कुणाची आधी यावर आत्ताच भांडायला लागले होते.

"दुसऱ्या दिवशी पाहिलं," मार्सियाल म्हणाले.

"मग?"

"मग काय. ठराव होता."

"ठराव तुमचाच होता."

"माझाच होता," ते म्हणाले, आणि बूट काखेत मारून उताराला लागले. काकू थोडं अंतर ठेवून मागून गेली. दोघांपैकी कुणी मागे पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी आत्याने राख झाडून काढली. दार उघडंच ठेवलं. "गेला," ती म्हणाली. मी तिला विचारलं नाही, कशावरून. तळ्यांच्या कुंपणाचं फाटक मी बंद केलं नाही. केलं असतं तर बाबांना आवडलं नसतं. मला आवडलं असतं.

सोमवारी मी वारासला आले. मार्सियालना मी माफ केलेलं नाही. त्यांनी मागितलेलीही नाही. आत्या फोनवर सांगते की ते पंधरा दिवसांनी तळ्यांत उतरतात, सभेत अजूनही बाबांना शिव्या घालतात, आणि उजव्या बुटाला त्यांनी टायरचा तुकडा चिकटवलाय. आकडे खरवडले की नाही, ते तिला माहीत नाही. तिचे गुडघे आता तेवढं वर चढू देत नाहीत.

सदरा कुणी मागितला नाही, म्हणून मी घेऊन आले. कपाटात टांगलाय. डावी बाही कोपरापर्यंत तांबडी आहे. इथे नळाला स्वच्छ पाणी येतं, घरात तीन प्रकारचे साबण आहेत. पण मी रक्ताची आहे. मला तो धुता येत नाही.